बोर्डाच्या दुकानात नवं कोरलड्रॉ घ्यायचं का? सांगलीतलं एक प्रकरण

दुकान सांगलीतलं. दुकानांचे बोर्ड, गाड्यांचं रेडियम (चिकट रंगीत पट्टीतून कापलेली अक्षरं), एसीपीवर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या थरांच्या पत्र्यावर अ‍ॅक्रिलिक अक्षरं, आतून एलईडी लावलेले ग्लो साइन अशी सगळी कामं तिथे होतात. फ्लेक्सचं डिझाइन दुकानात करायचं आणि छापायला बाहेर द्यायचं. मालक, दोन डिझायनर आणि फिटिंगची माणसं एवढाच पसारा. जून २०२४ मध्ये, लोकसभेच्या निकालानंतर जरा श्वास घ्यायला मिळाला तेव्हा मालकांनी माझ्यापुढे प्रश्न काढला: डिझाइनसाठी वापरतो ते कोरलड्रॉ एक्स ५ हे सॉफ्टवेअर आता बदलायचं का? आणि बदलायचं तर वर्षाच्या भाड्याने घ्यायचं की एकरकमी पैसे भरून कायमचं?

एक्स ५ म्हणजे २०१० ची आवृत्ती. चौदा वर्षांचं सॉफ्टवेअर अजून रोज चालतंय यात नवल नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी गेलात तर एक्स ३ सुद्धा दिसेल. बोर्डाच्या धंद्यात लागतं काय? अक्षर, रेषा, वेल्ड (आकार जोडून एक करणं), माप. ते सगळं २०१० मध्येही होतं. त्यामुळे ‘जुनं झालं म्हणून बदला’ हा मुद्दा मी पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला.

दुकानात काय होतं

तीन संगणक. पहिल्यावर विकत घेतलेला, बिलासकटचा एक्स ५ आणि विंडोज ७. त्यावर बसणाऱ्या ज्येष्ठ डिझायनरना सगळे अण्णा म्हणतात. ब्रशने बोर्ड रंगवायच्या काळापासूनचे, संगणकावर नंतर आलेले. दुसऱ्या संगणकावर तरुण डिझायनर. त्यावरचं कोरल कुठून आलं हे कुणालाच नीट सांगता येईना, म्हणजे कुठून आलं ते सगळ्यांना माहीत होतं. तिसरा काउंटरवर, बिलं आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी.

प्लॉटर, म्हणजे रेडियम कापणारं यंत्र, अण्णांच्या संगणकाला जोडलेला, जुन्या पद्धतीच्या सिरियल पोर्टने. मराठीसाठी जुन्या धाटणीचे, युनिकोड (सगळीकडे सारखीच चालणारी अक्षरांची संकेतपद्धत) येण्यापूर्वीचे फॉन्ट, त्यांच्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरसकट. आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळ्या गिऱ्हाइकांच्या जुन्या फाइली, गावानुसार आणि आडनावानुसार लावलेल्या. ही डिस्क म्हणजे दुकानाची खरी मालमत्ता. पाच वर्षांनी गिऱ्हाईक येतं, “तोच बोर्ड परत करून द्या, फक्त मोबाइल नंबर बदला,” म्हणतं, आणि ते काम अर्ध्या तासात होतं.

दुखणं कुठे होतं

मालकांची तक्रार होती की संगणक हँग होतो. होत होताही. २० बाय १० फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला, म्हणजे इंचात ७२ ठिपके असा धरला तर १७,२८० गुणिले ८,६४० पिक्सेल होतात. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, ते न दाबता साधारण ६०० एमबी भरतात. कोरलची ६४ बिट आवृत्ती आली ती २०१२ च्या एक्स ६ पासून. त्याआधीच्या ३२ बिट प्रोग्रॅमला मेमरी मर्यादित मिळते, संगणकात रॅम कितीही घाला. पण असे मोठे फ्लेक्स दुकानाच्या कामात थोडे, आणि अण्णा ते पाव मापात करून छापणाऱ्याला ‘चारपट करा’ असं सांगून मोकळे होत. कटकट होती, पण तेवढ्यासाठी पैसे घालावेत अशी नव्हती.

खरं दुखणं चुकलेल्या बोर्डांच्या वहीत सापडलं. काम परत करावं लागलं की मालक तारीख आणि कारण लिहून ठेवत. ती वही चाळली तर निम्म्याहून जास्त नोंदी एकाच प्रकारच्या होत्या: नाव चुकलं, वेलांटी चुकली, जोडाक्षर चुकलं.

हे का होत होतं ते समजून घ्यायला मजकूर दुकानात कसा येतो ते बघावं लागतं. गिऱ्हाईक आता कागदावर लिहून देत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत टाइप करून पाठवतं. तो मजकूर युनिकोडमध्ये असतो. एक्स ५ मध्ये तो चिकटवला की चौकोन दिसतात, नाहीतर वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसते, कारण देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरजुळणी करणारी यंत्रणा कोरलमध्ये आली तीही एक्स ६ मध्येच. मग काउंटरवरून मजकूर छापून काढायचा, अण्णांच्या टेबलावर ठेवायचा, आणि अण्णांनी तो जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करायचा. प्रत्येक नाव दोनदा टाइप होत होतं, दुसऱ्यांदा घाईत.

वहीतली एक नोंद जवळून बघण्यासारखी आहे. खाणावळीच्या बोर्डावर ‘वऱ्हाडी’ हवं होतं. बोर्डावर झालं ‘वर्हाडी’, म्हणजे ह वर रफार. एसीपीवर तीन मिलीच्या अ‍ॅक्रिलिकची लेसरने कापलेली अक्षरं, चिकटवून झालेली, आणि गिऱ्हाईक समोर उभं. फ्लेक्स चुकला तर शे-दोनशे रुपयांत भागतं. अ‍ॅक्रिलिक अक्षर चुकलं की पत्रा, अक्षरं, लेसरवाल्याचा दर आणि फिटरची खेप, सगळं हजारांत जातं.

त्यात मराठी बोर्डांचं काम वाढलेलं. दुकानं व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी देवनागरी नामफलक बंधनकारक झाला, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालणार नाहीत असं ठरलं. २५ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, त्या बातम्यांनंतर सांगलीतही विचारणा वाढली. पूर्वी इंग्रजी नाव मोठं आणि खाली कोपऱ्यात मराठी असायचं. आता मराठी नाव दोन-दोन फुटांच्या अक्षरांत. चूकही तेवढीच मोठी दिसते.

तेव्हा प्रश्न सॉफ्टवेअर नवं की जुनं असा उरला नाही. गिऱ्हाइकाचा मजकूर एकदाही हाताने न बदलता बोर्डापर्यंत पोचतो का, एवढंच बघायचं होतं.

डेमो आणि चाचणी

विक्रेत्याच्या माणसाने डेमोत सगळा भर दिला तो फोटो मोठा करण्यावर आणि लोगो ट्रेस करण्यावर, म्हणजे चित्रावरून आपोआप रेषा काढून घेण्यावर. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला मळकट जेपीजी लोगो कृत्रिम बुद्धिमत्तेने स्वच्छ होतो, असं त्याचं म्हणणं. होतो काही प्रमाणात. पण रेडियम कापायचं असेल तर ट्रेसमधून आलेले शेकडो नोड (रेषेवरचे बिंदू) हाताने कमी करावेच लागतात, नाहीतर प्लॉटरची सुरी प्रत्येक नोडपाशी थबकते आणि कड दातेरी येते. अण्णा साधा गोल लोगो एफ १० दाबून, चार नोडमध्ये, ट्रेसपेक्षा लवकर काढतात. डेमोतली ही बाजू मी हिशेबात धरली नाही.

त्याऐवजी चाचणीची मोफत आवृत्ती तरुण डिझायनरच्या घरच्या लॅपटॉपवर टाकून घेतली, आणि जुन्या डिस्कमधल्या नेहमी परत लागणाऱ्या फाइली एकेक करून उघडल्या. यातून जे निघालं त्यानेच निर्णयाचा आकार ठरला.

पहिली गोष्ट चांगली निघाली. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर चिकटवला, मुक्ता फॉन्ट दिला, आणि ‘वऱ्हाडी’, ‘आचार्य’, ‘दऱ्या’, ‘क्षेत्रफळ’, ‘श्री’ सगळं जसंच्या तसं उभं राहिलं. दुसऱ्या एक-दोन मोफत फॉन्टमध्ये मात्र ऱ्ह फुटला. मोबाइलच्या कळफलकावरून तो दोन पद्धतींनी येऊ शकतो: एक नुक्त्याचा ऱ वापरून, दुसरी र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारी एक जोडखूण घालून. प्रत्येक फॉन्ट दोन्ही पद्धती सांभाळेलच असं नाही. म्हणून कुठला फॉन्ट बोर्डाला वापरायचा हे दिसण्यावर नाही, या चाचणीवर ठरवायचं ठरलं. ल आणि श चं रूपही बघायचं: मंगल फॉन्टचा ल हिंदी वळणाचा येतो, आणि आपल्याकडच्या जाणत्या गिऱ्हाइकाला तो लगेच खटकतो.

दुसरी गोष्ट वाईट निघाली. जुन्या फॉन्टमधल्या फाइली उघडल्या, फॉन्टही टाकलेले होते, पण नव्याने ओळ टाइप केली की पहिलं अक्षर आपोआप बदलायचं. कारण नव्याने टाकलेल्या कोरलमध्ये क्विककरेक्ट चालू असतं. ते वाक्याचं पहिलं इंग्रजी अक्षर मोठं करतं आणि सरळ अवतरणचिन्हं वळवतं. जुन्या फॉन्टमध्ये छोट्या इंग्रजी अक्षराच्या जागी एक मराठी खूण बसवलेली असते आणि मोठ्याच्या जागी दुसरीच. कोरलला वाटतं आपण इंग्रजी सुधारतोय, इकडे मराठी शब्द मरतो. ते बंद करून हा प्रश्न सुटला. जुन्या डिझायनरना ही युक्ती वर्षानुवर्षं माहीत आहे, नवीन माणूस मात्र तासभर डोकं खाजवतो.

तिसरी गोष्ट बंद करून सुटण्यासारखी नव्हती. काही फाइलींत एखादी मात्रा किंवा अर्धं अक्षर सरळ गायब. जुन्या फॉन्टनी मराठी खुणा २५५ पर्यंतच्या क्रमांकांत कोंबलेल्या असतात. त्यातला १७३ क्रमांक आताच्या यंत्रणेत ‘गरज पडली तरच दिसणारी संयोगरेषा’ म्हणून राखीव आहे. तिथे बसवलेली खूण नवं सॉफ्टवेअर दाखवायलाच तयार नसतं. अशी चूक फार वाईट, कारण ती फाइल उघडताना कुठलीही सूचना येत नाही. मात्रा नाही एवढंच, आणि दहा ओळींच्या दरपत्रकात ती दिसत नाही. गिऱ्हाइकाला दिसते.

म्हणजे नवं सॉफ्टवेअर नव्या मजकुराला उत्तम आणि जुन्या साठ्याला धोक्याचं. नेमकं याच्या उलट एक्स ५.

प्लॉटरची साखळी

कोरलची नवी आवृत्ती विंडोज ७ वर बसत नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच सोडलं होतं, आणि विंडोज १० चा शेवटही १४ ऑक्टोबर २०२५ असा जाहीर झालेला होता. म्हणजे घ्यायचं तर विंडोज ११, आणि त्यासाठी नवा संगणक. नव्या संगणकाला सिरियल पोर्ट नसतो. मग यूएसबी ते सिरियल केबल. बाजारातल्या स्वस्त केबलींत जी जुनी चिप असते तिचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर सुरूच होत नाही, उपकरणांच्या यादीत पिवळं चिन्ह येऊन बसतं. चांगली केबल मिळते, पण मग कटिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचं काय, हा प्रश्न पुढे उभा राहतोच.

सॉफ्टवेअर बदलायला निघालेला दुकानदार अशा रीतीने विंडोज, संगणक, केबल, कटिंग सॉफ्टवेअर करत करत शेवटी नव्या प्लॉटरच्या दरपत्रकापर्यंत पोचतो. विक्रेत्याच्या कागदावर फक्त पहिली पायरी असते. मालकांना मी हेच पाटीवर एकाखाली एक लिहून दाखवलं, आणि त्यांनी लगेच विचारलं, “प्लॉटर आहे तिथंच ठेवला तर?”

हाच बरोबर प्रश्न होता. प्लॉटरला कोरलची आवृत्ती कळत नाही, त्याला फक्त सुरी कुठून कुठे न्यायची ते कळतं. नव्या संगणकावर अक्षरं कंट्रोल-क्यू करून रेषांत बदलायची, शिरोरेषा वेल्ड करायची, पीएलटी, म्हणजे प्लॉटरला कळणारी फाइल काढायची आणि जुन्या संगणकावर फक्त कापायची. वेल्ड विसरलं की काय होतं ते रेडियमवाल्यांना सांगायला नको: दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, प्लॉटर दोन्हींच्या कडा कापतो, आणि सोलताना शिरोरेषेचे तुकडे हातात येतात. मापाचीही एक खाच आहे. पीएलटीमध्ये एका इंचाचे १०१६ भाग धरलेले असतात. एका बाजूला १०१६ आणि दुसऱ्या बाजूला १००० अशी सेटिंग राहिली तर १० फुटांच्या पट्टीत जवळजवळ दोन इंचांचा फरक पडतो. चाचणीत एक फुटाचा साधा चौकोन कापून पट्टीने मोजला, तेव्हाच ही सेटिंग कायमची लावून टाकली.

बाकीचे पर्याय

इलस्ट्रेटर या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरचा विचार झाला आणि संपला. ते भाड्यानेच मिळतं, आणि त्याचा नेहमीचा आर्टबोर्ड (कामाचं पान) जास्तीत जास्त २२७ इंचांचा, म्हणजे १९ फुटांपेक्षा कमी. त्याहून मोठ्या कॅनव्हासची सोय २०२० मध्ये आली खरी, पण कोरलमध्ये दीडशे फुटांपर्यंतचं पान कितीतरी वर्षांपासून सरळ खऱ्या मापात काढता येतं. शिवाय सगळ्यांची बोटं कोरलला सरावलेली.

इंकस्केप मात्र मी गांभीर्याने घेतलं. मोफत आहे, युनिकोड मराठी व्यवस्थित जुळवतं, कोरलसारखे शॉर्टकट लावता येतात. रेडियमसाठी ते पुरेसं आहे असं माझं मत. फ्लेक्ससाठी नाही, कारण छापणारा सीएमवायके मागतो आणि तिथे इंकस्केप अडतं. कोरलच्या जुन्या सीडीआर फाइली ते उघडतं, पण मजकूर आणि इफेक्ट जसेच्या तसे येतील यावर भरवसा ठेवू नये.

पैसा आणि परवाना

हाती आलेल्या दरपत्रकात कायमच्या परवान्याची किंमत दोन वर्षांच्या भाड्यापेक्षा थोडी जास्त होती. हे दुकान एक आवृत्ती चौदा वर्षं वापरतं. भाड्याचा फायदा त्याला, जो दरवर्षीच्या नव्या सोयी खरंच वापरतो. इथे तो हिशेब बसत नव्हता. भाडं थकलं की सॉफ्टवेअर थांबतं, आणि बोर्डाच्या धंद्यात पैसे यायला उशीर होणं ही रोजची गोष्ट आहे. निवडणुकीची उधारी कधी वसूल होते ते सगळ्यांना ठाऊक.

जुन्या परवान्यावर सूट मिळाली नाही, पूर्ण किमतीचाच नवा घ्यावा लागला. मालक नाराज झाले, पण यात एक सोय होती: नवा परवाना जुन्याच्या बदल्यात घेतलेला नसल्याने एक्स ५ चा परवाना दुकानाकडे स्वतंत्र राहिला आणि तो संगणक कायदेशीरपणे चालू ठेवता आला. बिलावरचा १८ टक्के जीएसटी इनपुट क्रेडिटमध्ये मिळाला, कारण दुकान जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत नाही. संगणक आणि सॉफ्टवेअरवर घसारा ४० टक्के. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच मिळतो, म्हणून खरेदी दिवाळीपर्यंत न ढकलता जूनमध्ये करणं बरं, असा सीएंचा सल्ला.

दुसऱ्या संगणकावरच्या त्या बेवारस कॉपीबद्दल मात्र मी स्पष्ट बोललो. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब जाणूनबुजून बेकायदा सॉफ्टवेअर वापरणाऱ्यालाच लागतं. सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड असं त्यात आहे. ‘सगळेच वापरतात’ हे तिथे उत्तर होत नाही. धंद्यासाठी वापर असेल तर कैदेतून सवलतीची वाटही बंद. ती कॉपी काढायची, हे निर्णयातलं एकमेव कलम होतं ज्यावर चर्चा ठेवली नाही.

काय ठरलं

एकच नवा संगणक, एकच कायमचा परवाना, आणि तो तरुण डिझायनरला. नवा मजकूर, नवं गिऱ्हाईक, सगळं तिथून. अण्णांचा संगणक, एक्स ५ आणि प्लॉटर जिथल्या तिथे, फक्त इंटरनेट काढून टाकलेलं. विंडोज ७ ला नेटवर ठेवण्यात शहाणपण नाही. जुन्या फाइली तिथेच उघडायच्या. तरुण डिझायनरच्या जुन्या संगणकावर इंकस्केप, सुट्या रेडियमच्या कामासाठी.

अण्णांना वाटत होतं की आपल्याला बाजूला काढतायत. ते म्हणाले, “नव्यात माझी बोटं चालत न्हाईत, मालक.” मालकांनी उत्तर दिलं, “अण्णा, बोटं न्हाई, तुमचं डोळं पायजेत. कापायच्या आधी एकूण एक नाव तुमच्याकडनं जाणार.” त्यामुळे एक चांगला नियम आपोआप आला: ज्याने अक्षर लावलं त्याने तपासायचं नाही.

जुनी फाइल परत लागली की ती एक्स ५ मध्ये उघडून, मजकूर रेषांत बदललेली एक प्रत नव्या संगणकाकडे पाठवायची, आणि बदलायचा तेवढाच मजकूर नव्याने युनिकोडमध्ये लावायचा. सगळा साठा एकदम रूपांतरित करण्याचा मोह मालकांना झाला होता. मी विरोध केला. त्यातल्या कितीतरी फाइली पुन्हा कधीच लागणार नाहीत, आणि लागतील त्यांच्यात १७३ क्रमांकाची गायब मात्रा कुठे आहे ते माणसानेच बघावं लागेल. गिऱ्हाईक आलं की त्याची फाइल, एवढंच.

फॉन्टची अडचण मात्र खरी होती. जुन्या संचात बोर्डाला शोभणारी जाड, नखरेल अक्षरं ढीगभर. मोफत युनिकोडमध्ये बोर्डाला चालतील अशी मोजकीच. मुक्ता आणि बलू रोजच्या कामाला चालले, खांड आणि तेको अरुंद पट्ट्यांना, हाताने रंगवलेल्या रेल्वे पाट्यांच्या वळणाचा यात्रा वन हॉटेलवाल्यांना आवडला. या सगळ्यांचा परवाना धंद्यात वापरायला मोकळा आहे. लग्नाच्या आणि मंडळांच्या कामासाठी अजून एक-दोन विकतचे युनिकोड फॉन्ट घ्यावे लागतील.

बदल आषाढात केला, कारण तेव्हा काम मंद असतं. गणपती ७ सप्टेंबरला होते आणि पुढे विधानसभा येणार हे दिसतच होतं. त्या गर्दीत कुणी नवं सॉफ्टवेअर शिकू शकत नाही. फ्लेक्स छापणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात फोन केला, “तुमची फाइल उघडत नाही.” त्याच्याकडे कोरलची जुनी आवृत्ती, आणि जुनी आवृत्ती नवी फाइल उघडत नाहीच. सेव्ह करताना खालची आवृत्ती निवडता येते, पण त्यात सावल्या आणि पारदर्शक भाग बदलू शकतात, म्हणून त्याला आता खऱ्या मापातली टिफ फाइल जाते.

चुकलेल्या कामांच्या वहीत दिवाळीपर्यंत पुन्हा टाइप करण्यातून आलेली नोंद पडली नाही. पडल्या त्या वेगळ्या: गिऱ्हाइकानेच मोबाइलवर ‘आर्शिवाद’ असं चुकीचं पाठवलं आणि तसंच कापलं गेलं. त्यासाठी मालकांनी बोर्डाचा फोटो मंजुरीला पाठवून ‘ओके’ आल्याशिवाय पीएलटी काढायची नाही असं ठरवलं आहे. प्लॉटरची सिरियल केबल जुनीच आहे. ती गेली की काय करायचं ते तेव्हा बघू, असं मालकांचं म्हणणं, आणि एक जादा केबल मात्र त्यांनी घेऊन ठेवली आहे.